सायलेन्सर बदलला, पण जेटचे काय?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मॉडिफाइड सायलेन्सरवरील कारवाईच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात आणि त्यांवर वाचकांची पत्रेही प्रसिद्ध होतात. रोडरोलरखाली चेपलेल्या नळ्यांचे छायाचित्र पाहून माझ्यासारख्या ज्येष्ठ नागरिकाला बरे वाटते, हे आधीच कबूल करतो. मात्र ही सारी चर्चा आपल्या कानांपुरती राहते. ज्या इंजिनावर तो सायलेन्सर चढवला जातो त्याचे पुढे काय होते, याविषयी कोणी लिहिल्याचे माझ्या वाचनात आले नाही. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक व्यवसायाचा शिल्प निदेशक होतो आणि निवृत्तीनंतरही हात काळे करण्याची सवय सुटलेली नाही, म्हणून हे पत्र. एक्झॉस्ट आणि एअर फिल्टर बदलणे हे निम्मेच काम आहे. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी पितळी छिद्रे, बदलल्याशिवाय ते पुरे होत नाही, आणि जो दुकानदार निम्मे काम विकतो त्याने ते निम्मे आहे हे ग्राहकाला बिलावर लिहून दिले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

निमित्त घरचेच घडले. माझ्या पुतण्याचे मुळशी तालुक्यात छोटे कृषी पर्यटन केंद्र आहे. तेथे पाहुण्यांना शेताच्या कडेने, ओढ्यातून आणि मागच्या टेकाडावर फिरवण्यासाठी चार एटीव्ही, म्हणजे खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या चारचाकी उघड्या गाड्या, आहेत: २०० सीसीच्या, हवेने थंड होणाऱ्या, साध्या कार्बोरेटरच्या परदेशी बनावटीच्या गाड्या. त्या रस्त्यावर आणल्या जात नाहीत, स्वतःच्या जमिनीतच चालतात. गेल्या दिवाळीच्या हंगामाआधी त्याने चारपैकी तीन गाड्यांना मोकळ्या बनावटीचे एक्झॉस्ट आणि मूळ फिल्टरचा डबा काढून शंकूसारखे उघडे फिल्टर बसवून घेतले. दुकानदाराने सांगितले, ‘बसवा आणि पळवा, बाकी काही करावे लागत नाही.’ गाड्या पळाल्याही. आवाज वाढला, सुरुवातीला जोर वाढल्यासारखाही वाटला. मग थ्रॉटलच्या कळीवरचा अंगठा सोडला की एक्झॉस्टमध्ये फटाके फुटू लागले, चढावर अचानक थ्रॉटल दिला की गाडी क्षणभर गुदमरू लागली, रेस सोडूनही आयडलिंग लवकर खाली येईना आणि संध्याकाळच्या अंधारात एक्झॉस्टचे बेंड लालसर दिसू लागले. पुतण्याला हे सगळे ‘स्पोर्टी’ वाटले. महिनाभराने एका गाडीच्या पिस्टनला भोक पडले, तेव्हा त्याने मला बोलावले.

कार्बोरेटरला स्वतःची अक्कल नसते. इंजिन हवा ओढते, ती कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना तेथील दाब कमी होतो आणि त्या फरकामुळे खालच्या वाटीतले पेट्रोल जेटच्या छिद्रातून वर चढते. हवेच्या प्रमाणात पेट्रोल किती मिळणार हे मुख्यतः त्या पितळी छिद्राच्या मापावर ठरते, आणि ते माप कारखान्याने मूळ फिल्टर आणि मूळ सायलेन्सर यांचा अडथळा गृहीत धरून ठरवलेले असते. पुष्कळ मेकॅनिक समजतात की फिल्टर मोकळा केला की हवा जास्त येते, मग पेट्रोलही आपोआप जास्त ओढले जात असेल. थोडे ओढले जाते, पण पुरेसे नाही. मूळ डब्याच्या अडथळ्यामुळे कार्बोरेटरच्या तोंडाशी आधीच थोडे निर्वात राहत असे आणि तेही पेट्रोल वर ओढायला हातभार लावत असे; डबा काढला की तो हातभार जातो. म्हणजे एकीकडे हवा वाढते आणि दुसरीकडे पेट्रोल ओढणारा जोर त्या मानाने घटतो. पेट्रोल कमी पडलेल्या मिश्रणाला आम्ही लीन म्हणतो, जास्त झालेल्याला रिच.

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते, पण पूर्ण ताकद काढताना इंजिनाला साधारण १२.५ ते १३ पट हवाच हवी असते, म्हणजे थोडे जास्तीचे पेट्रोल. ते वाया जात नाही. वाफ होताना ते उष्णता शोषते, आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला त्या गारव्याचा मोठा आधार असतो. त्यात एटीव्ही ही मोटारसायकलसारखी वाऱ्यावर धावणारी गाडी नाही. टेकाडावर दोन माणसे घेऊन ती ताशी १५ किलोमीटरने चढत असते, थ्रॉटल पूर्ण उघडा असतो आणि इंजिन थंड करणाऱ्या फिन्सवर (सिलिंडरभोवतीच्या पात्यांवर) वारा जवळजवळ नसतो. अशा वेळी मिश्रण लीन असेल तर आधी इंजिन नॉक करते, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठोके बसतात, आणि मग पिस्टनचे डोके वितळते. आमच्या गाडीत नेमके तेच झाले.

दुकानदाराकडे तक्रार नेली, तेव्हा त्याने उरलेल्या दोन गाड्यांत ‘सेफ साइड’ म्हणून १०५ च्या जागी १२५ नंबरचा मेन जेट, म्हणजे पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल देणारा मुख्य जेट, घालून दिला. ही त्याची दुसरी चूक, आणि माझ्या मते पहिलीपेक्षा फसवी, कारण ती काळजी घेतल्यासारखी दिसते. आमच्या कार्बोरेटरला बसणाऱ्या कीहिन पद्धतीच्या जेटवरचा आकडा साधारणपणे छिद्राच्या व्यासाचा असतो: १०५ म्हणजे १.०५ मिलिमीटर. छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, हे सातवी-आठवीच्या गणितात शिकवतात. १०५ वरून १२५ म्हणजे ‘वीस नंबर जास्त’ नव्हे, तर छिद्र सुमारे ४२ टक्के मोठे. साध्या एक्झॉस्ट आणि फिल्टरच्या बदलाला एवढे पेट्रोल लागत नाही. गाड्या काळा धूर टाकू लागल्या, वरच्या थ्रॉटलला मिसिंग मारू लागल्या, प्लग काजळीने भरले आणि इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येऊ लागला. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते, त्यामुळे रिच गाडीचे रिंग आणि बोअरही झिजतात, फक्त लीन गाडीपेक्षा सावकाश. जाता जाता सांगतो, मिकुनीच्या पुष्कळ जेटवरचा आकडा व्यासाचा नसून प्रवाहाचा असतो. म्हणून एका कंपनीच्या १०५ च्या जागी दुसरीचा १०५ घालून ‘नंबर तोच आहे’ म्हणणे चूक आहे.

शेवटी आम्ही दोघांनी एक रविवार मोडला. नाना पेठेतून १०८, ११०, ११२, ११५ आणि ११८ असे पाच मेन जेट आणि आयडलिंगला पेट्रोल देणारे दोन स्लो जेट आणले. या सगळ्यांची किंमत त्या चकचकीत फिल्टरपेक्षाही कमी पडली. तेथेच एकाने ‘जेट कशाला घेता, तार घालून भोक मोठे करतो’ असा सल्ला दिला होता. तो कोणीही ऐकू नये. जेटच्या छिद्राच्या कडा विशिष्ट उताराच्या असतात. तारेने किंवा ड्रिलने ते मोठे केले की त्यातून किती पेट्रोल जाते हे कोणालाच सांगता येत नाही, आणि अंगावरचा नंबर मात्र जुनाच राहून पुढच्या मेकॅनिकला फसवतो.

जेटला हात लावण्याआधी बाकीचे सगळे तपासले, कारण लीन झाल्याची बहुतेक लक्षणे दुसऱ्या कारणांनीही दिसतात. या गाड्या पावसाळ्याचे चार महिने शेडमध्ये उभ्या असतात. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओलावा धरून ठेवते आणि वाटीत साचून राहिले की स्लो जेटच्या बारीक छिद्रात खडे धरतात. गाडी आयडलिंगला लीन वागते आणि माणूस मोठा जेट आणायला धावतो, जेव्हा गरज फक्त साफसफाईची असते. कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधल्या रबरी जोडाला चीर गेली तरी तेथून चोरटी हवा शिरते. एका गाडीत ती निघालीच. व्हॉल्व्हचे क्लिअरन्स, एक्झॉस्टचे गॅस्केट आणि वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची उंची पाहून घेतली. एक्झॉस्टच्या जोडातून हवा आत ओढली जात असेल, तर जेट अगदी बरोबर असूनही थ्रॉटल सोडल्यावर फटाके फुटतात.

मग क्रम. थ्रॉटल किती उघडा आहे त्यानुसार कार्बोरेटरचा वेगवेगळा भाग कारभार पाहतो. बंद ते पाव थ्रॉटलपर्यंत स्लो जेट आणि बाजूचा मिक्श्चर स्क्रू, पाव ते पाऊण सुई म्हणजे निडल, आणि पाऊण ते पूर्ण मेन जेट. सीमारेषा अर्थातच काटेकोर नसतात. एटीव्हीला मोटारसायकलसारखी फिरती मूठ नसून अंगठ्याने दाबायची कळ असते, तेव्हा कळीच्या शेजारी पांढरी चिकटपट्टी लावून पाव, अर्धा आणि पाऊण अशा खुणा केल्या. त्याआधी कळीच्या मागचा थ्रॉटल अडवणारा स्क्रू पाहिला. मुलांसाठी गाडी हळू चालावी म्हणून तो आत फिरवलेला असतो, आणि तो तसाच राहिला तर ‘पूर्ण थ्रॉटल’ची परीक्षा अर्ध्या थ्रॉटलवरच होते. एका गाडीत तो आत होता, आणि तिच्या मेन जेटबद्दल आम्ही तोवर काय काय बोललो होतो ते येथे लिहीत नाही.

सुरुवात मेन जेटपासून केली. गाडी पूर्ण तापवून, त्याच टेकाडावर, तोच माणूस बसवून पूर्ण थ्रॉटलवर चालवायची आणि जोर असतानाच चोक किंचित ओढून, म्हणजे मिश्रण थोडे रिच करून, पाहायचे. गाडी सुधारली तर ती पेट्रोल मागते आहे. लगेच दबली तर पुरेसे किंवा जास्त मिळते आहे. ११८ ला गाडी वरच्या टोकाला अडखळत होती, ११५ ला थोडी दबलेली वाटत होती, ११२ ला साफ निघाली आणि ११० ला चोक ओढल्यावर सुधारली. म्हणून ११२. हे छिद्र मुळापेक्षा सुमारे १४ टक्के मोठे आहे. ज्या दुकानदाराने आधी शून्य टक्के आणि नंतर ४२ टक्के सांगितले होते, त्याच्या दोन्ही उत्तरांपासून ते लांब आहे. दुसऱ्या गाडीला मात्र ११५ लागला. दोन्ही गाड्या एकाच बनावटीच्या आणि एकाच दिवशी घेतलेल्या असूनही असे झाले, आणि याचसाठी दुसऱ्याच्या गाडीचा नंबर विचारून आपल्या गाडीत घालू नये.

नंतर निडल. तिच्या डोक्याशी खाचा असतात आणि एका खाचेत क्लिप बसते. क्लिप एक खाच खाली घेतली की सुई वर उचलली जाते आणि मधल्या थ्रॉटलचे मिश्रण रिच होते. हे उलटे वाटते, आणि मी शिकवत असताना दरवर्षी निम्मा वर्ग येथे चुकायचा. आमच्या गाडीला एक खाच पुरली. मिक्श्चर स्क्रूबाबत तर मुरलेले मेकॅनिकही गोंधळतात. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर बहुधा तो पेट्रोलचा असतो आणि बाहेर फिरवल्यावर मिश्रण रिच होते. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा असतो आणि बाहेर फिरवल्यावर लीन होते. आधी कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखावे. पेट्रोलचा स्क्रू तीन फेऱ्यांहून अधिक बाहेर काढावा लागत असेल तर मोठा स्लो जेट हवा, आणि एका फेरीच्या आतच गाडी बरी चालत असेल तर लहान. आम्ही ३५ चा ३८ केला, तेव्हा सकाळी पहिल्या किकला गाडी सुरू होऊ लागली.

प्लगचा रंग शेवटी पाहिला. नवा प्लग घालून, पूर्ण थ्रॉटलवर चढ काढून, तेथेच किल स्विचने इंजिन बंद करायचे आणि प्लग काढायचा. आयडलिंगवर घरापर्यंत आणलेल्या गाडीचा प्लग फक्त आयडलिंगची गोष्ट सांगतो. पांढराफटक म्हणजे लीन, काळा म्हणजे रिच, फिकट विटकरी म्हणजे ठीक, असे आम्ही शिकवत आलो. आजच्या पेट्रोलवर तो रंग पूर्वीइतका बोलका राहिलेला नाही, म्हणून एकट्या प्लगवर निकाल देऊ नये.

याच पेट्रोलमुळे हा प्रश्न आज पूर्वीपेक्षा बिकट झाला आहे. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. इथेनॉल आपल्याच भागातल्या उसापासून होते याचा मला आनंद आहे, पण त्याच्या रेणूत प्राणवायू असल्यामुळे त्याला जळायला वजनाच्या सुमारे ९ पटच हवा लागते, आणि २० टक्के मिश्रणाचे प्रमाण १४.७ वरून साधारण १३.५ वर येते. शुद्ध पेट्रोल धरून जेट बसवलेल्या जुन्या गाडीला हे पेट्रोल घातले की काहीही न बदलता ती थोडी लीन झालेली असते. तिच्यावर मोकळा एक्झॉस्ट आणि उघडा फिल्टर चढवणे म्हणजे आधीच उपाशी असलेल्याला डोंगर चढायला लावणे आहे.

उंचीचा हिशोबही लक्षात ठेवावा. दर ३०० मीटरला हवा अंदाजे ३ टक्के विरळ होते. पुणे सुमारे ५६० मीटरवर आणि महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. मुळशीत बरोबर चालणारी गाडी ट्रेलरवर टाकून महाबळेश्वरला नेली तर ती किंचित रिच वाटेल, तेवढे चालते. कोकणात समुद्रकाठी नेली तर मात्र लीन होईल, आणि धोका तेथे आहे. हिवाळ्यातल्या पहाटेची थंड हवाही दाट असते; मेमध्ये दुपारी लावलेले जेट डिसेंबरच्या पहाटे अपुरे पडू शकतात. शंका असेल तेव्हा जेट एकच माप मोठा ठेवावा, एकदम वीस नंबर मोठा नव्हे.

उघड्या फिल्टरबद्दल माझे मत सौम्य नाही. पुढे दुसरी एटीव्ही धावत असताना मुळशीच्या तांबड्या धुळीत तो फिल्टर काय गाळणार? फोमचा असेल तर फिल्टरचे तेल लावून आठवड्याला धुवावा लागतो, आणि पाहुण्यांच्या गर्दीत ते कोणी करत नाही. शिवाय डबा नसल्याने वारा आणि ओढ्याचे शिंतोडे थेट फिल्टरवर येतात आणि जमवलेले मिश्रण पुन्हा बिघडते. आम्ही दोन्ही गाड्यांना मूळ डबे परत बसवले, झाकणावर जास्तीची भोके पाडून आतून फोम लावला आणि त्या अवस्थेतच वर सांगितलेले जेट ठरवले. त्याने जोर किती गेला? पुतण्याला फरक कळला नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले आणि नव्या दुचाकी जवळपास सगळ्याच फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. तेथे सेन्सर पाहून पेट्रोलचे प्रमाण काही मर्यादेपर्यंत आपोआप सांभाळले जाते. काउंटरवरच्या पंचविशीतल्या मुलाने कार्बोरेटर उघडलेलाच नसतो, त्यामुळे ‘बाकी काही करावे लागत नाही’ हे तो खोटेपणाने म्हणत नाही, खरेच तसे समजतो. पण एटीव्ही, फवारणी पंप, लहान जनरेटर आणि लाखो जुन्या दुचाकी अजून कार्बोरेटरवरच चालतात. १९६६ पासून वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआयसारखी संस्था ज्या शहराच्या टेकडीवर उभी आहे, त्या शहरात पाच-दहा हजारांचा एक्झॉस्ट विकताना सोबत शंभर-दोनशेच्या जेटचा उल्लेखही होऊ नये, हे मला पटत नाही. विक्रेत्यांनी बिलावर दोन ओळी छापाव्यात: या वस्तूसाठी जेटिंग करावे लागते आणि ते आम्ही करून देतो किंवा देत नाही. ग्राहकानेही त्या ओळी मागून घ्याव्यात.

आमच्या दोन गाड्यांच्या सीटखाली आता रंगाने लिहून ठेवले आहे: मेन ११२, स्लो ३८, क्लिप चौथी खाच, दुसरीवर मेन ११५. भोक पडलेल्या गाडीचे बोअरिंग झाले असून तिला मूळ सायलेन्सर परत लावला आहे. चौथी गाडी पुतण्याने मुळातच बदलली नव्हती, ती आजही १०५ वर आणि मूळ डब्यावर चालते. लहान मुलांना बसवायला आईवडील तीच मागतात, कारण तिच्यावर बसून एकमेकांशी बोलता येते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक
कर्वेनगर, पुणे